स्पितीला जाताना घाई नको

महोदय,

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात सुमारे ४,४०० मीटर उंचीवर वसलेल्या हिक्कीम गावातून घरी पत्र टाकण्याच्या हौसेने अनेक पर्यटक मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे घाईने वर पोहोचतात आणि विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तरी ती अंगावर काढतात, जे जिवावर बेतू शकते. त्यापेक्षा सिमला-किन्नौरमार्गे टप्प्याटप्प्याने चढावे. मला त्याहून अधिक कळकळीने सांगावेसे वाटते ते पाण्याबद्दल. तेथील शेती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर अवलंबून असते. म्हणूनच जुन्या घरांत पाण्याविना चालणारी, शेताला खत पुरवणारी कोरडी शौचालये असतात. ती नाक न मुरडता वापरावीत आणि यजमानांकडे रोज आंघोळीसाठी बादलीभर गरम पाण्याचा हट्ट धरू नये.

– एक वाचक