तुळशीशेजारची भांग

प्रिय पा,

साष्टांग नमस्कार.

तुला 'अगं-तुगं' करूनच लिहिते आहे. थाईमध्ये आईच्या किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला 'पा' म्हणतात, आणि आमच्या मिरजेकडे मावशीला कुणी अहो-जाहो करत नाही. पत्र मराठीत आहे. तुझा नातू फोनवर भाषांतर करून तुला वाचून दाखवील, मधे मधे चुकेलही. पण मला हे सगळ्यांसमोर लिहायचं आहे. नोकरीनिमित्त बँकॉकला गेलेली आपली माणसं दुकानांच्या पाट्यांवर ते गांजाचं हिरवं पान बघतात आणि त्यांच्याही मनात तेच येतं जे माझ्या मनात आलं होतं. मला तू भेटलीस. त्यांना कुणी भेटेलच असं नाही.

बँकॉकजवळच्या नोन्थाबुरीतल्या त्या गल्लीत आपल्या घरांची भिंत एक आणि गच्चीही जवळजवळ एकच, मधे कमरेएवढा कठडा. मी सकाळी धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडून साथोनला उतरायचे, तिथून दागिन्यांच्या ऑफिसात. संध्याकाळी परत येऊन गच्चीवर जावं, तर तू झाडांना पाणी घालत असायचीस. माझी थाई पहिली दोन वर्षं भाजीबाजारापुरतीच होती. तू मात्र माझ्याशी पहिल्या दिवसापासून पूर्ण वाक्यांत बोललीस, हळू, एकेक शब्द सुटा करून. ऑफिसात तेवढी सवड कुणालाच नव्हती.

मग 2022 चा जून आला. 9 तारखेला थायलंडने गांजाचं झाड अमली पदार्थांच्या यादीतून काढलं. औषधी वापराला 2018 च्या डिसेंबरातच मंजुरी मिळाली होती, पण घरच्या कुंडीत लावायची मुभा म्हणजे वेगळीच गोष्ट. सरकार 10 लाख रोपं घरोघर वाटणार, अशी घोषणा आधीच झाली होती. ऑफिसात दुसरा विषय नव्हता. माझ्या डोक्यात एकच होतं, आईचे गुडघे. रात्री दोनला उठून पलंगाच्या कडेला बसणारी माझी आई मला व्हिडिओवर दिसायची आणि मी तिथे दोन हजारांवर किलोमीटर लांब. कुणीतरी म्हणालं, या झाडाच्या तेलाने दुखणं हलकं होतं. मी त्याच आठवड्यात तुझ्याकडे आले आणि विचारलं, माझ्या गच्चीत लावू का?

तू हो-नाही काहीच म्हणाली नाहीस. आधी विचारलंस, "घर कुणाचं? व्हिसा कशाचा?" घर भाड्याचं, व्हिसा नोकरीचा. मग म्हणालीस, "लावायचं तर कठड्याच्या या बाजूला." नातवाला हाक मारलीस आणि 'प्लूक कान' नावाच्या त्या सरकारी ॲपवर आपल्या ओळखपत्राचा 13 अंकी क्रमांक घालून आपल्या नावावर नोंद केलीस. तीन कुंड्या. झाडं तुझी, पाणी मी घालायचं. त्या वेळी मला थोडं वाईट वाटलं होतं, आज सांगते. परक्या माणसावर भरवसा नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला. माझ्या व्हिसावर, माझ्या नोकरीवर काही येऊ नये म्हणून तू ते ओझं आपल्या नावावर घेतलंस, हे मला कितीतरी उशिरा उमगलं.

त्याच संध्याकाळी तू कागदावर त्या झाडाचं नाव लिहून दाखवलंस. अक्षरं एकेक करून लावली तर होतं 'कञ्जा', म्हणताना मात्र 'कन्छा'. आपलाच गांजा, संस्कृताच्या वाटेने तिकडे पोचलेला. आणि तुझ्या गच्चीतल्या ज्या कुंडीशेजारी आपण ती तीन रोपं ठेवली, ती कुंडी 'क्रफाव'ची, म्हणजे चक्क तुळस! तू रोज तिची पानं ओरबाडून मिरची-लसणावर चिकनमध्ये परतायचीस. आईने व्हिडिओवर बघितलं आणि म्हणाली, "अगं, तुळशीत भांग म्हणतात ती हीच की!" तुला ही म्हण समजावून सांगायला मला अर्धा तास लागला होता. चांगल्या घरात एखादा वाया गेलेला निघाला की आम्ही असं म्हणतो, हे ऐकून तू गंभीर झालीस. "झाड वाया जात नाही," म्हणालीस, आणि पुन्हा पाणी घालायला लागलीस.

पहिल्या खेपेला आपलं सगळं गेलं, आठवतं? चूक माझी होती. तू म्हणत होतीस पावसाळा जाऊ दे. मला धीर नव्हता. रोपं वाढली छान. माती तुझीच होती, पर्जन्यवृक्षाचा कुजलेला पाला आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे घातलेली, पाणी कितीही पडलं तरी खालून निघून जाणारी. सप्टेंबरात फुलं धरली. बाहेरून तर काही दिसत नव्हतं. तू एक तुरा दोन्ही अंगठ्यांनी हलकेच उकललास आणि आत राखाडी-तपकिरी बुरा! ओल्या पोत्यासारखा वास. दिवसरात्र दमट हवा, घट्ट तुरे, आत वारा शिरायला जागा नाही. बुरशीला आणखी काय हवं? मी म्हटलं, तेवढा भाग कापून बाकीचं ठेवू. तू मान हलवलीस. बुरशी लागलेलं कुणाच्याही पोटात जाता कामा नये, आजारी माणसाच्या तर नाहीच नाही. जाळायचंही नाही, कारण धूर आणि वास शेजारी गेला आणि कुणी तक्रार केली तर 25,000 बाटपर्यंत दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. मागच्या अंगणात खड्डा करून, चुना टाकून आपण ती तिन्ही झाडं पुरली. मी रडले. तू माझ्या पाठीवर हात ठेवून 'चाय येन येन' म्हणत राहिलीस, म्हणजे मन थंड ठेव.

दुसऱ्या खेपेला आपण नोव्हेंबरात लावली. पाऊस गेला होता, हवा कोरडी होती, बुरशीची भीती नव्हती. पण रोपं वीतभर झाली नाहीत तोच फुलायला लागली! मला वाटलं बीच खराब. उलगडा तुझ्याच शेवंतीने केला. हे झाड आपल्या शेवंतीसारखं आहे, दिवस लहान झाले की फुलणारं. आमच्याकडे दसऱ्या-दिवाळीला शेवंती का येते, तर तेव्हा रात्री वाढलेल्या असतात. शेतकरी ज्या शेवंतीला लवकर फुलू द्यायचं नाही, तिच्यावर रात्री दिवे लावतात. हॉलंडमध्ये जूनचा दिवस पावणेसतरा तासांचा असतो, तिथे झाडाला नुसतं वाढायला दोन-तीन महिने मिळतात. आपल्या गच्चीवर सर्वांत मोठा दिवस 13 तासांचाही नाही आणि डिसेंबरात तो सव्वाअकरा तासांवर येतो. परदेशी व्हिडिओ बघून मी जे वेळापत्रक भिंतीला चिकटवलं होतं, ते या आकाशाखाली लागूच नव्हतं. थंड देशांतून आणलेलं बी उष्ण कटिबंधात असंच फसतं, आणि माणसं खतं बदलत बसतात.

त्या वीतभर झाडांवर लाल कोळी आला तेव्हा तू कडुनिंबाचं पाणी केलंस. तेव्हाच तू मला कडुनिंबाचे कोवळे तुरे उकळून गोड-आंबट चटणीबरोबर खायला दिलेस, आणि मी तुला आमच्या गुढीपाडव्याची गूळ-कडुनिंबाची गोळी सांगितली. तुमचं सोंगक्रान 13 एप्रिलला, आमचा पाडवा बहुधा त्याच्या थोडा आधी. नवीन वर्ष कडू घासाने सुरू करणारी माणसं कुठेतरी आहेत म्हणून तुला केवढा आनंद झाला होता!

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

2023 च्या मे महिन्यात मी सुट्टीवर घरी निघाले होते. आपल्या झाडांपासून तेल करायचा विचार तू आधीच मोडून काढला होतास, कारण झाड मोकळं झालं तरी 0.2 टक्क्यांहून जास्त टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, असलेला अर्क तिथेही अमली पदार्थच राहिला होता. तेव्हा ऑफिसातल्या एकाने सुचवलं की दुकानातून दोन बाटल्या घे, खोबरेल तेलाच्या डब्यात ठेव, मोठ्या बॅगेत टाक, कोण बघतंय. मी बाटल्या घेतल्याही. निघायच्या आदल्या रात्री तुला दाखवल्या. मला वाटलं होतं तू शाबासकी देशील.

तू एवढंच विचारलंस, "हे तुझ्या देशात चालतं?"

मी म्हटलं, भांग तर आमच्याकडे महाशिवरात्रीला पितात. तू हटली नाहीस. "भांग नाही, हे. ही बाटली." मग आपण दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि मी फोनवर आमचा 1985 चा अमली पदार्थांचा कायदा पहिल्यांदा नीट वाचला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले शेंडे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, आणि भांगेची वाट तेवढ्यापुरती, तीही राज्याच्या नियमांनी. पण राळेपासून काढलेलं घट्ट तेल कायद्याने थेट चरसमध्ये मोडतं. परदेशातून आणलं तर वजन बघून शिक्षा, आणि ती 20 वर्षांपर्यंत जाऊ शकते. घरी एक झाड लावलं तरी 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मी मोठ्याने वाचत होते आणि मोडक्या थाईत तुला सांगत होते. वाचता वाचता माझा आवाज बसला. मुंबईच्या विमानतळावर पट्ट्यावरून येणारी माझी बॅग, आणि मिरजेत गुडघे धरून माझी वाट बघणारी आई, दोन्ही एकदम डोळ्यांपुढे आली.

तू रागावली नाहीस. बाटल्या घेऊन आत गेलीस आणि तासाभराने जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे चार चौकोन शिवून आणलेस, कडा दुमडून, हातटाक्याने. मग मला 'लूक प्रखोप' बांधायला शिकवलंस, शेकायची पुरचुंडी. ठेचलेलं प्लाय (आल्याच्या जातीचा तुमच्याकडचा कंद), हळद, गवती चहा, मकरूट लिंबाची साल, चिंचेचा पाला, कापूर, मीठ. गाठ कशी मारायची, वरचं कापड पिळून मूठ कशी करायची, वाफवल्यावर आधी आपल्या मनगटाला लावून चटका बघायचा आणि मगच दुसऱ्याच्या अंगाला. माझ्याकडून सहा वेळा बांधून घेतलंस. रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि पहाटे तुला मंदिरात भिक्षूंना द्यायचं जेवण रांधायचं होतं.

बॅगेत मी फक्त ते चार कोरे चौकोन नेले. बाकी सगळं मिरजेत मिळालं, हळद तर सांगली-मिरजेत काय कमी! प्लाय नव्हतं, त्याऐवजी आईने आंबेहळद घेतली. चिंच दारातच आहे. पुरचुंड्या मोदकपात्रात वाफवल्या. स्वयंपाकघरात कापूर आणि गवती चहाचा असा घमघमाट सुटला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, आज कसली पूजा? आई पलंगावर पाय पसरून बसली होती. मी पुरचुंडी मनगटाला लावून बघितली, मग तिच्या गुडघ्यावर ठेवली, फिरवली, दाबली. तिने डोळे मिटले. गुडघे काही बरे झाले नाहीत, ते होणारही नव्हते. पण शेक घेतल्यावर तिला तीन-चार तास सलग झोप लागते, आणि तो शेक तिला बाबा देतात, ज्यांनी चाळीस वर्षांत कधी तिचे पाय चेपले नव्हते. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

पुढे नियम बदलत गेले. 2025 च्या जूनमध्ये फुलं विकत घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली, आणि कितीतरी दुकानदार आणि हौशी परदेशी माणसं गोंधळून गेली. तू गोंधळली नाहीस, कारण तू प्रत्येक बदल रेडिओवर ऐकून कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायचीस. त्याच्या वर्षभर आधीच त्या तीन कुंड्यांत आपण गवती चहा लावला होता.

मी ते घर सोडलं त्या दिवशी सोंगक्रान नव्हता, तरी मी मोगऱ्याचं पाणी तुझ्या हातांवर घातलं आणि वाकून नमस्कार केला. तू काहीतरी पुटपुटलीस, मला नीट ऐकू आलं नाही. नातवाला विचार आणि मला कळव.

आणि एक काम आहे. चारांतला एक चौकोन हळदीने आणि वाफेने विरला आहे. आई म्हणते, इथल्या कापडाला तो मऊपणा नाही. एप्रिलमध्ये मी येते आहे, तोवर आणखी चार शिवून ठेव. येताना तुला काय आणू ते सांग. गेल्या वेळी शेंगदाण्याची चटणी आवडली होती ना?

तुझी,
कठड्यापलीकडची भाची