घाटातील प्रत्येक दरडीची वेळ नोंदवली जावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की दरडप्रवण गावांच्या याद्या निघतात आणि सगळी चर्चा सह्याद्रीभोवती फिरते. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथे जे घडले ते पाहता त्यात गैर काहीच नाही. परंतु ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या औट्रम घाटात एका रात्रीत जागोजागी दरडी कोसळल्या, वाहने अडकून पडली आणि धुळे-सोलापूर महामार्गावरील वाहतूक ठप्प झाली, तेव्हा अजिंठ्याची डोंगररांगही या धोक्यातून सुटलेली नाही, हे मराठवाड्याला कळायला हवे होते.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने दुर्घटनेनंतर सांगितले. त्यावर संताप व्यक्त झाला, तो स्वाभाविकही होता. पण अशा याद्यांची मर्यादा आपण समजून घेतली पाहिजे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाच्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केले आहेत. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर भरतो आणि लहानशी वाडी दोन-तीन मिलिमीटरांत संपते. शिवाय कोणता उतार सुटू शकतो एवढेच असा नकाशा सांगतो. सुटलेली दगडमाती पाण्यात मिसळून कुठवर धावेल, हा हिशेब निराळा असतो. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी हा लोंढा ओढ्याच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर वाहत गेला आणि चूरलमलासारखी, डोंगर फुटला तिथून कित्येक किलोमीटर खाली असलेली वस्तीही त्याखाली आली.

हा हिशेब मांडण्याची गणिती प्रारूपे आज उपलब्ध आहेत. त्यांतील बरीच प्रारूपे फोल्मी या स्विस अभियंत्याने १९५५ मध्ये हिमलोटांसाठी मांडलेल्या घर्षणाच्या सूत्रावर उभी आहेत. मात्र त्या सूत्रातील घर्षणाचे आकडे त्या त्या डोंगरात पूर्वी कोसळलेल्या दरडी मोजूनच ठरवावे लागतात. पावसाचेही तेच. किती तास, किती जोराचा पाऊस झाला की उतार सुटतो, याची पहिली जागतिक मर्यादारेषा नेल केन यांनी १९८० मध्ये काढली, ती जगभरातील ७३ घटनांच्या नोंदी गोळा करून. नोंदी नसत्या तर रेषाही निघाली नसती.

आपल्याकडे नेमके इथेच घोडे अडते. घाटात दरड आली की जेसीबी येतो, राडारोडा दरीकडेला लोटला जातो, रस्ता मोकळा होतो आणि घटना संपते. दरड किती वाजता आली, कोणत्या वळणावर, किती ब्रास माल उचलला, यांपैकी काहीही अभ्यासकाच्या हाती लागत नाही. वास्तविक कन्नड घाटातील रस्त्याच्या कापात काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमधला विटकरी, मातकट पट्टा सहज दिसतो, आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी त्याच सांध्यातून पाणी पाझरत असते. आत साचलेल्या या पाण्याचा दाब वाढला की वरच्या मुरमाची पकड सुटते. असा उतार उघडीप पडल्यावरही कोसळू शकतो, म्हणून त्या दिवसाच्या पावसाबरोबर आधीच्या आठवड्याच्या पावसाचा आकडाही हाताशी लागतो. तो मिळणार कुठून? महसूल मंडळाचे पर्जन्यमापक बहुधा सपाटीवरच्या गावांत असते; घाटमाथ्यावर पडलेल्या ढगफुटीसारख्या पावसाचा त्याला पत्ताही लागत नाही.

खर्चाचे कारण इथे पटणारे नाही. प्रत्येक दरडीचा दिनांक, वेळ, किलोमीटर दगड, अंदाजे आकारमान आणि एक छायाचित्र, एवढी नोंद रस्ता मोकळा करणाऱ्या यंत्रणेने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे त्याच दिवशी पाठवावी आणि ती सर्वांना पाहता यावी. औट्रम घाटाच्या माथ्यावर व मध्यावर, तसेच बालाघाट डोंगरातील घाटरस्त्यांवर, दर पंधरा मिनिटांचा पाऊस टिपणारी स्वयंचलित पर्जन्यमापके बसवावीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे. या नोंदींचे विश्लेषण त्याच्याकडे सोपवता येईल. चार-पाच पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या, तरी घाट कधी बंद करायचा आणि पायथ्याची कोणती घरे आधी हलवायची, याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांना अंदाजावर घ्यावा लागणार नाही. ही नोंदवही येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावी, अशी माझी जिल्हा प्रशासनाला आग्रहाची विनंती आहे.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक,
कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर