बांबूच्या वस्तूत बांबू किती, रेझिन किती?

महोदय,

दिवाळीच्या भेटवस्तूंपासून कार्यालयांच्या फर्निचरपर्यंत ‘पर्यावरणपूरक’ हा शिक्का आता सर्रास मारला जातो. बांबू, करवंटी, उसाचे चिपाड, पाडलेल्या वाड्यांचे सागवान यांना मागणी येऊ लागली, हे स्वागतार्हच आहे. मात्र वस्तू कशाची आहे एवढे सांगून ती कशाने चिकटवली, कशाने रंगवली आणि मोडल्यावर तिचे काय करायचे, हे सांगण्याचे टाळले जाते, आणि खरी मेख तिथेच आहे.

‘बांबू फायबर’चे म्हणून विकले जाणारे अनेक गुळगुळीत कप घ्या. त्यांत बांबूची भुकटी मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड रेझिनमध्ये (एकदा कडक झाले की न वितळणाऱ्या कृत्रिम प्लास्टिकमध्ये) कालवून साच्यात दाबलेली असते. असा कप मातीत कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही, शिवाय गरम किंवा आंबट पेयात त्यातील रसायने उतरू शकतात. युरोपीय संघात अन्नासाठी अशा मिश्रणाला परवानगी नसल्याने २०२१ मध्ये ही भांडी बाजारातून हटवण्याची मोहीम हाती घेण्यात आली. आपल्याकडे मात्र तीच हिरव्या पानाचे चित्र छापून विकली जातात.

याउलट बुरुडाने विणलेल्या सुपात रेझिनचा थेंबही नसतो. सिंधुदुर्गातील माणगा बांबू जवळजवळ भरीव असल्याने त्याची खुर्ची खुंट्या आणि खाचांवर उभी राहते आणि एक दांडी मोडली तर तेवढीच बदलता येते. अर्थात बांबूतील पिष्टामुळे त्याला कीड लागते, म्हणून तो तीन-चार वर्षांचा झाल्यावरच तोडून बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवावा लागतो. ही द्रव्ये पावसात धुऊन जातात. त्यामुळे अशी खुर्ची अंगणात ठेवण्यासाठी नाही, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबू भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि तो तोडणे, वाहून नेणे सोपे झाले. कच्चा माल मोकळा झाला, पण कारागिराच्या मजुरीचा हिशेब अजून कोणी नीट मांडत नाही.

जुन्या लाकडाचेही तसेच. वाड्याच्या तुळईतील प्रत्येक खिळा उपटल्याशिवाय ती करवतीखाली घालता येत नाही. या मजुरीमुळे ते लाकूड स्वस्त पडत नाही, आणि पडूही नये. जुन्या दारांवरील रंगात शिसे असण्याचा संभव असतो (घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासूनच लागू झाली), तेव्हा तो कोरडा घासून त्या फळ्यांचा पाळणा करणे धोक्याचे आहे. कॅफेंमध्ये दिसणाऱ्या पॅलेटच्या (माल वाहण्यासाठीच्या लाकडी चौकटींच्या) बाकांवरील शिक्काही वाचावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये.

तेव्हा शासकीय कार्यालये, महापालिका आणि शाळा यांनी खरेदीच्या निविदेत केवळ ‘बांबू’ किंवा ‘पुनर्वापरित लाकूड’ असे न लिहिता चिकटद्रव्य, लेप आणि सुटे भाग मिळण्याची हमी यांचा तपशील मागावा, तसेच पुनर्विकासासाठी इमारत पाडण्याची परवानगी देताना तिच्यातील लाकडाची यादी राडारोडा उचलण्यापूर्वीच करून घ्यावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे