धुऱ्यापाशी थांबणारा रस्ता

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

लातूरजवळच्या तुमच्या रानाचे प्लॉट पाडायचं ठरलं, हे तुझ्याकडून कळलं. ले-आऊट मंजुरीला जाण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, म्हणून घाईने लिहितोय.

इथे सातारा-देवळाईकडे ज्याने त्याने आपापल्या गटात, म्हणजे आपल्या जमिनीच्या तुकड्यात, गुंठेवारी केली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडले. गट संपला की रस्ता संपला, पुढे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भिंत. ताई राहते त्या गल्लीचंही तेच. भिंतीपलीकडे शाळेचं मैदान. पोरांचा गलका घरात ऐकू येतो. पण भाचीला शाळेत जायचं तर आधी मागे बीड बायपासवर यावं लागतं, ट्रकांच्या कडेने चालत पुढच्या गल्लीत शिरावं लागतं. एवढ्याशा अंतरासाठी भावजी तिला गाडीवर सोडतात. घरोघरी हेच, म्हणून सकाळी बायपास तुंबतो. टँकर आत शिरला तर रिव्हर्समध्येच बाहेर निघतो.

2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरं नियमित होतात. पुढे 2020 अखेरपर्यंतच्या बांधकामांनाही त्यात घेतलं. पण कागद हातात आला म्हणून भिंत हटत नाही. घर पाडून नवं बांधता येतं रे. गल्ली एकदा पडली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते, कारण ती सरळ करायला कुणाचं तरी घर जातं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी 2020 मध्ये जगभरच्या रस्त्यांचा 1975 पासूनचा हिशोब मांडला. बहुतेक ठिकाणी नव्या वस्त्यांत एकमेकांना मिळणारे रस्ते कमी आणि बंद गल्ल्या जास्त निघाल्या. बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू इथे मात्र चौकाचौकांची आखणी टिकून आहे. मला जास्त पटलं ते डेन्मार्क-जर्मनीचं: गल्ली गाड्यांना बंद असली तरी पायी आणि सायकलने पलीकडे जाता येतं.

आपल्या लातूरला तर गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या गावच्या कडेला आपणच बंद गल्ल्या पाडायच्या, हे मला सहन होत नाही.

तेव्हा मधला रस्ता पूर्वेच्या धुऱ्यापर्यंत ने आणि त्याच्या तोंडाशी प्लॉट काढू नकोस. शेजारच्या काकांशी आत्ताच बोल, म्हणजे उद्या त्यांच्या गटात तोच रस्ता पुढे जाईल. ते नाहीच म्हणाले, तर निदान पायवाटेपुरती जागा नकाशात दाखव. एखादा प्लॉट कमी होईल, दादा कुरकुर करतील. त्यांच्याशी मी बोलतो. नकाशाचा फोटो आधी मला पाठव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधाकर