नंबर सुटला, फोन अडकला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातला, नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्यावरचा लेख वाचला. 1900 वर संदेश पाठवा, आलेला कोड चार दिवसांत वापरा, सगळं छान समजावलंय. 20 जानेवारी 2011 पासून देशभर ही सोय आहे, ती आम्हा कोकणातल्यांच्याही कानावर आलीय. पण ज्या फोनलाच कंपनीचं कुलूप आहे, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम ज्यात चालतच नाही, त्याचं काय, यावर लेखात एक ओळ नाही.

माझ्या आईकडे असा एक बटणांचा फोन आहे. आकडे पार पुसले गेलेत, तरी लाइट गेली की अंधारात चाचपून ती परळला थोरल्याला बरोबर फोन लावायची. आता पावसाळ्यात वाडीतली वीज गेली की त्या कंपनीचा टॉवरही मान टाकतो. दुसऱ्या कंपनीची रेंज मात्र पडवीत बसून मिळते. म्हणून रीतसर नंबर तिकडे नेला. नवं सिम घातलं, तर पडद्यावर उत्तर आलं की हे सिम चालणार नाही. जुन्या कंपनीच्या तालुक्यातल्या दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, याला आमचंच सिम लागतं. खोक्यावर लिहिलंय." माळ्यावरून खोकं काढलं. लिहिलंय खरं, बारकोडच्या खाली, भिंग लावून वाचण्याइतकं! विकताना तोंडाने सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का?

बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानेही हात जोडले. आयएमईआयला, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, धक्का लागला तर आत जाईन, म्हणाला. त्याची भीती खोटी नाही. तो क्रमांक बदलणाऱ्याला 2023 च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कुलूप काढणं वेगळं नि तो क्रमांक बदलणं वेगळं, पण किल्ली कंपनीकडे आणि कंपनी म्हणते किल्लीच नाही.

फोन स्वस्तात दिला म्हणून कुलूप, हे त्यांचं म्हणणं क्षणभर मान्य. मग रिचार्जमधून वसुली झाल्यावर तरी काढा! हापूसचं कलम ज्या रोपवाटिकेतून आणलं, खतही जन्मभर तिथूनच घ्यायचं काय? कॅनडात डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना कुलूप लावलेला फोन विकता येत नाही. आपली ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, नंबर सोडवते आणि फोनकडे पाठ फिरवते.

वसुलीवरून आठवलं. यांचा महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. 2022 मध्ये ट्रायने निदान एक तरी 30 दिवसांचा प्लॅन ठेवा म्हणून बजावलं. तो प्लॅन दुकानदाराला विचारल्याशिवाय कधी दिसला असेल तर सांगा.

आपल्या पानभर जाहिरातींत 'फक्त आमच्याच सिमवर' ही ओळ जरा मोठ्या अक्षरांत छापण्याचा आग्रह आपण धराल काय? आणि हो, आमच्याकडे अंक अजून दुपारच्या एस.टी.नेच येतो. तेवढं वितरण विभागाच्या कानावर घालावं.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर