आई-बाबा, डिसेंबर नको, मार्च धरा

प्रिय आई-बाबा,

नॉर्दर्न लाइट्ससाठी, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या भागात रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशासाठी, डिसेंबरची तिकिटं काढायची घाई करू नका. रात्र लांब म्हणजे प्रकाश जास्त, असा हिशोब नसतो. सप्टेंबर ते मार्चअखेर कधीही पुरेसा अंधार पडतो. अडवतात ते ढग. मार्चमध्ये आकाश त्यातल्या त्यात मोकळं असतं, शिवाय विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळही जास्त होते, आणि ती जितकी जास्त तितका हा प्रकाश दिसण्याची शक्यता जास्त. मे ते जुलै तिकडे रात्रच होत नाही, तेव्हा ते महिने बाद.

जागा नॉर्वेतलं ट्रॉम्सो. जवळून उबदार सागरी प्रवाह जातो, त्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही थंडी सोसवते. ढग मात्र तिथे फार. स्वीडनमधलं आबिस्को डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे कोरडं आणि निरभ्र, पण थंडी कडक. कॅनडातल्या यलोनाइफला आकाश छान असतं, पण जानेवारीत उणे पंचवीस सहज. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता ट्रॉम्सोच बरं. मात्र किमान चार रात्री ठेवा. एकाच रात्रीच्या भरवशावर गेलेले बरेच जण नुसते ढग बघून परततात.

बाबा, तुम्ही ॲपमधला केपी आकडा बघत बसाल, म्हणून सांगते. तो चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दाखवतो, ० ते ९ असतो आणि ट्रॉम्सोला २ सुद्धा पुरतो, कारण प्रकाशाचा पट्टा जवळपास डोक्यावरूनच जातो. त्यापेक्षा ढगांचा अंदाज तासातासाला बघा. गाडीने फिरवणारे वाटाडेही तेच करतात. किनाऱ्यावर ढग असले की आत, फिनलंडच्या सीमेकडे नेतात. साधारण रात्री नऊ ते दोन ही वेळ. प्रकाश अर्धा तास लपून पुन्हा उजळतो, तेव्हा लगेच गाडीत शिरू नका.

आई, पहिल्यांदा तुला तो प्रकाश राखाडी ढगासारखाच वाटेल. अंधुक उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. शंका आली तर फोनने एक फोटो काढ. हिरवा आला तर तोच. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मध्येच फोनचा लख्ख पडदा बघितला की सगळी मेहनत वाया. टॉर्च लाल उजेडाचा घ्या.

फोन तिपाईवर ठेवून नाइट मोड, फ्लॅश बंद. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. हॉटेलात शिरण्याआधी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर गरम हवेत त्यावर दव धरतं.

अंगाला लागून लोकरीचे कपडे, सुती अजिबात नकोत. घाम धरून ठेवतात आणि मग हुडहुडी भरते. बूट एक नंबर मोठे, म्हणजे जाड मोजे घालूनही बोटं हलतील. बुटांखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथे पोचल्या दिवशीच घ्या. मार्चमध्ये दिवसा वितळलेलं बर्फ रात्री काचेसारखं गोठतं आणि मला काळजी थंडीपेक्षा त्या घसरण्याचीच आहे.

तुमची,
लेक