फुंकायच्या चाचणीच्या कागदावर कमरेचा रकाना हवा

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी फुप्फुसांच्या चाचणीच्या खोलीत काम करतो. लोकांच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ असं दिवसभर ओरडायचं. आज लिहितोय ते फक्त एका रकान्यासाठी.

मशीन सुरू करण्याआधी मी वय, लिंग, उंची आणि वजन भरतो. पहिल्या तिघांवरून त्या माणसाला किती हवा फुंकता यायला हवी, तो अपेक्षित आकडा निघतो. उंचीचं नातं जुनंच आहे. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावून ते दाखवून दिलं. वजनावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, तेवढा निघतो. पण चरबी नेमकी कुठे साठली आहे, ते बीएमआय सांगत नाही.

परवा एक गृहस्थ आले. उंची १७८, वजन ७८, बीएमआय २४.६. कागदावर सगळं झकास. हातपाय काटकुळे, शर्टाची खालची दोन बटणं मात्र ताणलेली. बुटाची नाडी बांधायला वाकलं की धाप लागते, म्हणाले. मी टेप लावली (माझ्या खिशातली, खात्याची नव्हे). घेर १०२ सेंटिमीटर. उंचीच्या निम्म्याहून बराच जास्त.

श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली उतरावा लागतो. पोटात चरबी भरलेली असली की त्याला उतरायला जागा राहत नाही, आणि आडवं झालं की तोच भार वर छातीकडे सरकतो. मांड्यांवरची चरबी एवढी आडवी येत नाही. म्हणून एकाच वजनाची दोन माणसं फुंकतात मात्र वेगवेगळं. सहज श्वास सोडल्यानंतरही जोर लावून जी हवा बाहेर काढता येते, ती सगळ्यात आधी घटते. बीएमआय २० असताना ती जेवढी असते, त्याच्या जेमतेम ४७ टक्के ३० ला उरते, असं २००६ च्या एका अभ्यासात दिसलं. मग फुप्फुसाच्या तळातल्या बारीक नळ्या मिटू लागतात. तिथे रक्त पोचतं, हवा पोचत नाही.

फसगत होते ती पुढे. पहिल्या सेकंदात निघालेली हवा आणि एकूण हवा, दोन्ही साधारण बरोबरीने घसरतात. त्यामुळे त्यांचं गुणोत्तर बहुधा ठीकच दिसतं, आणि माणसाला ‘काही नाही, वय झालं’ ऐकावं लागतं. नाहीतर चाचणी न करताच दम्याचा पंप हातात पडतो. लठ्ठ माणसाला दमा होत नाही असं मुळीच नाही, उलट त्याची शक्यता जास्तच. म्हणूनच अंदाजाने औषध नको.

तेव्हा वजनाशेजारी पोटाच्या घेराचा रकाना छापा. प्रत्येक खोलीत टेप आणि एक आडपडदा द्या. चारचौघांत सदरा वर करायला कुणालाच आवडत नाही. मोहीम, फलक, उद्घाटन काही नको.

मापायची रीतही रकान्याखाली छापली तर बरं: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर. लोक पोट आत ओढून धरतातच. मी टेप तशीच धरून गप्प उभा राहतो, श्वास सुटेपर्यंत.

आपला,
चाचणीच्या खोलीतला एक तंत्रज्ञ